पंखा कधी फिरतो, कधी नाही: जुन्या मियाटाच्या रेडिएटर फॅनचा माग

गाडी १९९१ची माझदा मियाटा, १.६ लिटरचं इंजिन, एसी चालू स्थितीत. तक्रार अशी: गर्दीत रेंगाळलं की तापमानाचा काटा वर सरकतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो, आणि रेडिएटरचा पंखा कधी फिरतो, कधी ढिम्म. या 'कधी'ने मला दोन उन्हाळे छळलं. स्विच बदलला, बरं झालं, पुन्हा उपटलं. रिले (छोट्या करंटच्या हुकुमावर मोठा करंट जोडणारा स्विच) बदलला, बरं झालं, पुन्हा उपटलं. तिसऱ्या वेळी बदलाबदली सोडून मोजायला बसलो आणि एका शनिवारी दुपारी दोन तासांत चोर सापडला. तो कोण ते खाली येईलच. पण त्याहून जास्त मला हे सांगायचंय की पहिल्या दोन दुरुस्त्या साफ चुकीच्या असूनही गाडी बरी का झाली. असे 'बरे झालेले' पंखे मी नंतर इतरांकडेही पाहिले आहेत.

आधीच सांगतो, तीस वर्षांहून जुन्या गाडीत एखादी मोटर झिजली तर तो काही बनवणाऱ्याचा दोष नाही. माझ्या मिक्सरने दहा वर्षं काढली नाहीत.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन सीटची, उघड्या टपाची, डोळे उघडल्यासारखे वर येणाऱ्या दिव्यांची गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. युरोपात ती एमएक्स-५, जपानात युनोस रोडस्टर. इंजिन मात्र माझदाच्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या ३२३च्या कुळातलं. तिथे ते आडवं बसायचं, इथे उभं बसवलं. उभं बसवल्यावर इंजिनाचा मागचा भाग केबिनच्या पत्र्याला भिडतो, म्हणून गरम पाण्याची बाहेर पडायची वाट पुढच्या बाजूला आणली. परिणामी पाणी पुढून आत शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं, मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला प्रवाह कमी येतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला आहे आणि पंख्याचा स्विच पुढे थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात. दोघं वेगवेगळ्या जागचं पाणी चाखतात. 'काटा इतका चढला तरी पंखा कसा नाही लागला' असं वाटलं की हे आठवावं.

आता वायरिंग. १.६च्या गाडीत ते इतकं साधं आहे की कागदाच्या पाठीवर काढता येतं. बॅटरी डिकीत. तिथून जाड केबल पुढे बॉनेटखाली मुख्य फ्यूज बॉक्सात येते, तिथे पंख्याचा ३० अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले, रिलेतून मोटर, मोटरीचं दुसरं टोक बॉडीला अर्थ. ही झाली ताकदीची वाट. दुसरी वाट हुकुमाची: चावी फिरवल्यावर रिलेच्या कॉइलला एका बाजूने करंट मिळतो, दुसरी बाजू वॉटर बॉडीवरच्या एक वायरीच्या स्विचकडे जाते. पाणी साधारण ९७ अंशाला पोचलं की स्विच आतून जोडला जाऊन ती वायर अर्थ करतो, रिले टिक् करतो, पंखा फिरतो. ९० अंशांच्या आसपास पाणी उतरलं की स्विच सुटतो. यात कॉम्प्युटर कुठे आडवा येत नाही. नंतरच्या १.८च्या गाड्यांचं वायरिंग आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच हात घालावा, मी इथे १.६चंच बोलतोय.

दोष पंख्याचाच आहे का

गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर पळत असली की समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो. पंखा काढून घरी ठेवला तरी चालेल. म्हणून फक्त सिग्नलला, गर्दीत, ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत काटा चढत असेल तर पंख्यावर संशय घ्यावा. हायवेवर चढत असेल तर पंख्याच्या नादी लागू नका. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, वॉटर पंप थकला असेल, खालचा होज चपटा होत असेल. मियाटात आणखी एक भानगड असते: नाकाखाली प्लास्टिकचा काळा ट्रे असतो. तो नसेल तर समोरची हवा रेडिएटरमधून जायचे कष्ट न घेता खालून निघून जाते. जुन्या गाडीतून हा ट्रे कधीतरी ऑइल बदलताना कुणीतरी काढलेला असतो आणि परत लावायचा कंटाळा केलेला असतो.

रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीकडेही एक नजर टाका. नवी असताना ती काळी असते. तपकिरी दिसायला लागली की प्लास्टिक आतून ठिसूळ झालंय, आणि मियाटावाले अशा टाकीवर पंख्याचे पैसे खर्च करायच्या आधी रेडिएटर बदलतात. मीही तेच केलं होतं, गाडी घेतली त्याच वर्षी.

मग पाणी. इंजिन थंड असताना, अगदी हात ठेवून थंड लागतंय याची खात्री करून, रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी तोंडापर्यंत हवं. बाजूच्या बाटलीत पाणी दिसतंय म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नसतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर गरम असताना पाणी बाटलीत जातं आणि थंड झाल्यावर परत ओढलं जात नाही. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कारण सांगतो: अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०६ अंशांना उकळतं, पण झाकणाच्या सुमारे ०.९ बार दाबाखाली १२५च्या पुढे. म्हणजे आत ११५ अंशांचं पाणी शांत बसलेलं असू शकतं. झाकण सैल केलं की त्या क्षणी ते सगळं उकळून तोंडावर येतं.

पाणी कमी असण्याचा पंख्याशी थेट संबंध आहे आणि माझी पहिली फसवणूक तिथेच झाली.

पहिली 'दुरुस्ती'

अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्यांना एडिसनचा ओक ट्री रोड, भारतीय दुकानांचा रस्ता, माहीत आहे. गणपतीच्या आधीच्या शनिवारी तिथे गाडी चालवत नाहीत, ढकलतात. उदबत्त्या, मोदकाचं पीठ आणि मखरासाठी सामान घेऊन मी त्या रांगेत अर्धा तास उभा होतो आणि काटा पाऊण घरापर्यंत गेला. पंख्याचा आवाज नाही. अशा वेळी जे करतात ते केलं: हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण जोरात. ऑगस्टमध्ये टप उघडं ठेवून पायांवर हीटर घेणारा माणूस बघून शेजारच्या गाडीतली मुलं हसत होती. पण काटा उतरला. हीटरचा कोर हा छोटा रेडिएटरच असतो.

घरी येऊन मी विचार केला की पंखा लागत नाही म्हणजे स्विच गेला. मोजलं काहीच नाही. नवा स्विच आणला, बसवला. बसवताना थोडं कूलंट सांडतंच, ते भरायला गेलो तर सांडलं त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त आत गेलं. सिस्टिममध्ये मावतं सगळं मिळून साधारण ६ लिटर, त्यात अर्धा लिटर म्हणजे थोडं नव्हे. हीटरच्या होजची क्लिप झिरपत होती, तीही आवळली. मग गाडीचं नाक उतारावर वर करून, हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं टाकून हवा काढली. पंधरा-वीस मिनिटांत पंखा लागला. मी हात पुसले आणि ज्याला त्याला सांगत सुटलो की स्विच गेला होता.

तो गेला नव्हता. जुना स्विच मी फेकला नव्हता (आमच्या घरात जुनं काही फेकायची पद्धत नाही). पुढच्या वर्षी तो पातेल्यात टाकून तपासला. पाण्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर, स्विचचं टोक पाण्यात पण तळाला न टेकवता, मीटरची (व्होल्ट, ओहम मोजणाऱ्या मल्टिमीटरची) एक पिन वरच्या टोकाला, एक आट्यांच्या धातूला. पाणी उकळायला येता येता मीटर वाजला, गॅस बंद करून निववल्यावर सुटला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. ९७ अंश हे उकळत्या पाण्याच्या इतकं जवळ आहे की घाई केली तर स्विच उगाच नापास होतो. नीट खळखळ उकळू द्या. आणि कूलंट विषारी असतं, त्यामुळे ते पातेलं परत चहाला नको.

मग पहिल्या वेळी काय झालं होतं? स्विच वॉटर बॉडीवर, म्हणजे पाण्याच्या वाटेवर बराच उंच बसतो. पाणी कमी असलं की तिथे हवेचा फुगा जमतो. स्विचचं टोक पाण्याऐवजी वाफेत आणि हवेत लोंबतं आणि त्याला ९७ अंश कळतच नाहीत. मी स्विच बदलला म्हणून नव्हे, बदलताना पाणी भरलं आणि हवा काढली म्हणून पंखा लागला. निदान त्या दिवशीच्या खोळंब्याचा काही वाटा तरी या हवेचा होता.

दुसरी 'दुरुस्ती'

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी मी शहाणा झालो होतो असा माझा समज होता. पाणी तपासलं, तोंडापर्यंत होतं. मग या गाडीतली सगळ्यात उपयोगी चाचणी केली, जी खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकेतल्या गाडीत डावीकडे, 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी डबी असते. झाकण उघडलं की आत कुठल्या भोकाला काय नाव ते झाकणावरच छापलेलं असतं. त्यातलं टीएफए आणि जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ) ही दोन भोकं एका तारेने जोडायची आणि चावी ऑनवर करायची, इंजिन चालू करायची गरज नाही. टीएफए ही रिले आणि स्विच यांच्या मधली वायर आहे. ती अर्थ केली म्हणजे 'पाणी तापलंय' असं आपणच रिलेला सांगितलं. याच डबीत बॅटरीचं पॉझिटिव्हही असतं, तेव्हा भोकं दोनदा वाचून मगच तार घाला.

या एका तारेने सर्किटचे दोन तुकडे पडतात. पंखा फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, अर्थ सगळं त्या क्षणापुरतं ठीक, दोष स्विचच्या बाजूला: स्विच, त्याची वायर, हवा किंवा कमी पाणी. नाही फिरला तर दोष ताकदीच्या वाटेवर. आणखी सोपी चाचणी एसीच्या बटणाची: एसी लावला की या गाडीत दोन्ही पंखे फिरायला हवेत, मुख्य आणि शेजारचा कंडेन्सरचा, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीचा.

'त्या क्षणापुरतं' हे शब्द विसरू नका. मी विसरलो होतो.

माझा पंखा टीएफए जोडूनही फिरला नाही. म्हणजे ताकदीची वाट, हे बरोबर. फ्यूज काढून पाहिला, चांगला. पातं बोटाने फिरवून पाहिलं की अडकलंय का, मोकळं होतं. मग रिले बदलला. चावी लावली, पंखा भिरभिरला. रिले गेला होता असं वहीत लिहून ठेवलं, तारखेनिशी. ती नोंद अजून आहे, तिच्यावर आडवी रेघ मारलेली.

वरचा परिच्छेद पुन्हा वाचलात तर चूक सापडेल. मला सापडायला आणखी तीन आठवडे लागले.

मामाचा बल्ब

माझे मामा सांगलीत आयुष्यभर ट्रकांचं वायरिंग करत आले. तिसऱ्यांदा पंखा थांबला तेव्हा मी चावी ऑन, टीएफए जोडलेलं, पंखा ढिम्म, अशा अवस्थेत त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिथे रात्र झाली होती.

"पंख्याला हात लावलास काय?"

"नाही अजून."

"लावूच नगंस. मागल्या टायमाला लावला हुतास?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या वेळी पातं बोटाने फिरवलं होतं. रिले बदलायच्या आधी.

मोटरीच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर असतो आणि त्यावर दोन कार्बन स्प्रिंगने दाबलेले असतात. त्यांच्यातून करंट आर्मेचरला मिळतो. कार्बन झिजून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणग्या पडतात, काही पट्ट्या जळून काळ्या होतात. पंखा बंद होताना आर्मेचर कुठेतरी थांबतं. चांगल्या पट्टीवर थांबलं तर पुढच्या वेळी मुकाट सुरू होतं. जळक्या पट्टीवर थांबलं तर करंटच शिरत नाही, आणि कुणीतरी पातं हलवेपर्यंत तो पंखा मेलेलाच राहतो. उन्हाळ्याचा, पावसाचा, गाडीच्या मूडचा काही संबंध नाही, कुठे थांबला एवढंच. मी पातं हलवलं आणि श्रेय रिलेला दिलं.

पण हा अंदाज झाला, आणि अंदाजावर मी दोनदा पैसे घातले होते. मामांनी मीटर बाजूला ठेवायला सांगितलं. "बल्ब लाव. मीटरला काय, एका केसावर बी बारा व्होल्ट दिसत्यात."

हे वाक्य समजून घेण्यासारखं आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायर आतून कुजून एकच तंतू उरला असेल, प्लगची पिन हिरवी पडली असेल, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण करंटच वाहत नसेल तर अडथळ्यावर व्होल्ट खर्ची पडत नाहीत. पंखा मात्र सात-आठ अँपिअर मागतो, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. वाटेत फक्त ०.२ ओहमचा अडथळा असला तरी ७ अँपिअरला १.४ व्होल्ट तिथेच जळतात. म्हणून मोटरीच्या जागी खरा करंट ओढणारं काहीतरी हवं. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. त्याला दोन वायरी जोडून टाका, हा आयुष्यभर पुरणारा टेस्टर आहे. काच मात्र हातात धरू नका, क्षणात चटका बसतो.

मोटरीचा प्लग काढला, गाडीच्या बाजूच्या प्लगमध्ये बल्बच्या वायरी लावल्या. लख्ख पेटला. बल्बच्या दोन टोकांवर आता मीटर लावला: १२.० व्होल्ट, बॅटरीवर त्याच वेळी १२.३. म्हणजे डिकीतल्या बॅटरीपासून पुढे येऊन परत जाईपर्यंत फक्त ०.३ व्होल्ट वाया जात होते. तीस वर्षांच्या वायरिंगला मी याहून जास्त मागणार नाही. फ्यूज, रिले, प्लग, अर्थ सगळे निर्दोष सुटले. राहिली मोटर.

मोटरीच्या दोन पिनांवर ओहम मोजले: मीटर कोरा, सर्किट उघडं. पातं बोटभर सरकवलं: एक ओहमच्या आत. आणखी सरकवत गेलो, पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी मीटर पुन्हा कोरा झाला. मग प्लग लावून टीएफएची तार वीस वेळा जोडली आणि सोडली, प्रत्येक वेळी पंखा आपोआप पूर्ण थांबू देऊन. १७ वेळा फिरला, ३ वेळा नाही. त्या तीनही वेळा लाकडी चमच्याच्या दांड्याने पातं किंचित ढकललं आणि तो सुटला. दांड्यानेच, बोटाने नाही. चावी ऑन असताना तो केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

वीस वेळांचा हिशेब का मांडला ते सांगतो. सहात एखाद्या वेळी फसणारा पंखा एकदा तपासला तर बहुतेक वेळा पास होतो. रिले बदलल्यावर एकदा फिरला म्हणून मी समाधान मानलं, तसंच तुम्ही एसीचं बटण एकदा दाबून समाधान मानाल. अधूनमधून येणाऱ्या दोषाला एका पासाची किंमत शून्य. आणि दोष हजर असताना तो तपासायचा, काही हलवायच्या आधी, काही थंड व्हायच्या आधी. मामांच्या शब्दांत, चोर घरात हाय तवर दार लाव.

बल्ब मंद पेटला तर

माझ्याकडे हे घडलं नाही, पण एका मित्राच्या त्याच वर्षीच्या गाडीत घडलं. बल्ब पिवळट पेटला, टोकांवर ९ व्होल्ट. आता कुठे गळतंय ते शोधायचं. बल्ब पेटलेलाच ठेवून मीटरची एक पिन त्याच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे या गाडीची गंमत: बॅटरी डिकीत असल्यामुळे पाच मीटर तरी वायर लागते. मी जुन्या स्पीकरची वायर वापरतो. मीटर ०.१-०.२ व्होल्टच्या आत दाखवत असेल तर अर्थ ठीक. त्याच्याकडे २.८ आले. अर्थचा बोल्ट रंगावर आवळलेला होता, खाली गंज. खरवडून, पातळ ग्रीस लावून परत आवळला, काम झालं. अर्थ ठीक आणि तरी बल्ब मंद असेल तर हेच पॉझिटिव्हच्या बाजूला फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या आत-बाहेर मोजत जायचं. प्लग तपकिरी झालेला, वितळल्यासारखा दिसला तर मोजायचीही गरज नाही, तो बदला.

पंखा चावी ऑन करताच फिरतो आणि थांबतच नाही, असं असेल तर दोष उलटा: रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा स्विचची वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय. रिले उपटून बघा, मग स्विचची वायर सोडवून बघा. पाच मिनिटांचं काम.

मोटर

पंखा त्याच्या आवरणासकट १०च्या पान्याने सुटतो. रेडिएटरवरून आडवा जाणारा हवेचा पाइप सैल करून वाकवावा लागतो, मग पंखा वर ओढून काढता येतो. काढताना रेडिएटरच्या जाळीला पुठ्ठा लावा, नाहीतर पानं वाकतात. मोटर उघडली तेव्हा आत काळी भुकटी, एक कार्बन नखाएवढा उरलेला, त्याची स्प्रिंग होल्डरच्या कडेला टेकून बसलेली. दोन पट्ट्या कोळशासारख्या. मामांनी सांगितलं, कम्युटेटर लेथवर घे, पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) कोरून खोल कर, नवे कार्बन घाल, आणखी वीस वर्षं जाईल. सांगलीत ते तासाभरात करून दिलं असतं. इथे त्या मापाचे कार्बन मिळेनात आणि लेथवाला मोटरीपेक्षा जास्त पैसे मागत होता, म्हणून नवी मोटर लावली. तेवढ्यावरून मामा दोन दिवस रुसले.

नव्या मोटरीने एक शेवटचा खेळ केला. फिरली झकास, पण काटा तरीही हळूहळू चढत होता. बाहेरून घेतलेल्या मोटरीच्या प्लगमध्ये वायरी उलट्या होत्या आणि पंखा हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलत होता. रेडिएटरच्या समोरून, ग्रिलच्या बाजूने वर्तमानपत्राचा तुकडा धरा. पंखा रेडिएटरच्या मागे आहे, तो हवा ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. माझा उडून गेला. पिना अदलाबदल केल्यावर चिकटला. कुठलाही नवा पंखा लावला की ही कागदाची चाचणी कराच, कारण आवाजावरून दिशा कळत नाही.

मग गाडी सावलीत उभी करून ४० मिनिटं नुसती चालू ठेवली आणि पंखा केव्हा लागतो, केव्हा थांबतो ते वहीत लिहिलं. पहिल्यांदा लागायला १७ मिनिटं, नंतर ठरावीक अंतराने लागणं-थांबणं, काटा आपल्या जागेवर. टीएफएची वीस वेळांची चाचणी पुन्हा केली: वीसपैकी वीस. दोन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही वीस.

वाटेतच पंखा बंद पडला तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. दोष स्विचच्या बाजूला असेल तर टीएफए आणि जीएनडी कागदाच्या क्लिपने जोडा, वर झाकण लावा आणि घरी या. चावी ऑन असेतो पंखा फिरत राहील, त्याने काही बिघडत नाही. मोटरीचा दोष असेल तर चावी बंद करून दांड्याने पातं ढकला, मग चावी लावा. दोन्ही जमलं नाही तर हीटर पूर्ण जोरात आणि रस्ता मोकळा असेल तिकडून. काटा लाल रेघेच्या जवळ गेला तर मात्र थांबाच. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि वाकलेल्या हेडपुढे पंख्याचा खर्च चहापाण्याएवढा वाटतो. डॅशखाली बटण लावून पंखा कायमचा 'डायरेक्ट' करून देणारे बरेच आहेत. मी तसं करत नाही. ते बटण दाबायचं विसरलेला माणूस मला माहीत आहे.

आता शेजारचा एसीचा पंखा राहिलाय. तोही तितकाच जुना, त्याचेही कार्बन तेच. परवा वीस वेळा लावून पाहिला, एकोणीस वेळा फिरला. मामांना फोन केलाय, या खेपेला जुनी मोटर सामानातून सांगलीला न्यायची आहे.